पडीक परड्याची पहिली तीन वर्षं

कोकणातल्या पडीक जमिनीला कुणी मालक नसेल असं वाटत असेल, तर तिचा सातबारा एकदा काढून पाहावा. मालक भरपूर असतात. आजोबांचं नाव, त्यांच्या भावांची, वारल्यावरही कमी न झालेल्या काकांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची आणि त्यांच्या मुलांची. नावांनी पान भरलेलं असतं, आणि पिकाच्या रकान्यात एकच शब्द असतो: पड. जमिनीवर जाऊन पाहिलं तर पुरुषभर वाढलेली रानमोडी, ढासळलेला गडगा, बांडगुळांनी भरलेली दोन-चार जुनी कलमं आणि पाचोळ्याने निम्मी भरलेली चिऱ्याची विहीर.

अशी जमीन रत्नागिरी-सिंधुदुर्गात हजारो घरांची आहे. तिच्यावर हौसेची, घरापुरती बाग उभी करावी असं आज अनेकांना वाटतं. मुलांना झाडावरचा आंबा खायला मिळावा, निवृत्तीनंतर वर्षातले चार-सहा महिने गावी राहावं, आजोबांनी लावलेलं मरू नये, एवढीच इच्छा असते. इच्छा चांगली आहे आणि ती पुरी होण्यासारखी आहे. पण बहुतेक ठिकाणी सुरुवात उलटी होते. मे महिन्यात जेसीबी आणून सगळं सपाट करायचं, जूनमध्ये दोनशे कलमं एकदम लावायची आणि पुढच्या एप्रिलमध्ये काठ्या मोजायच्या. पडीक जमिनीचं पहिलं वर्ष लागवडीचं नसतंच. ते कागद, हद्द, पाणी आणि जुनी झाडं यांचं असतं. दुसऱ्या वर्षी थोडं लावावं, तिसऱ्या वर्षी आणखी थोडं. हा क्रम पाळणाऱ्यांच्या बागा उभ्या राहतात.

कागदापासून सुरुवात करायला कंटाळा येतो, पण तिथूनच करावी. डिजिटल सहीचा सातबारा आता 15 रुपये भरून घरबसल्या मिळतो. सोबत आठ-अ आणि जुने फेरफार काढावेत. मयत माणसांची नावं असतील तर वारस नोंदीचा अर्ज द्यावा. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग नोटीस, हरकतींसाठी 15 दिवस आणि शेवटी मंडल अधिकाऱ्याची मंजुरी, असा तो रस्ता आहे. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचावा. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. तिथे जुन्या कुळाचं नाव असेल तर जाणत्या वकिलाला दाखवल्याशिवाय कुदळ मारू नये. आणि ते कुटुंब खरंच पिढ्यान् पिढ्या कसत आलं असेल, तर त्याचा हक्क मान्य करणं हेच न्यायाचं आहे.

जमीन सामाईक असेल तर भावकीशी बोलणं टाळता येत नाही. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटणी होते. तेवढं जमत नसेल तर निदान कोण कुठला तुकडा कसणार, हे सर्वांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावं. तोंडी ठरलेलं झाडं लहान असेपर्यंत टिकतं. फळ धरू लागलं की आठवणी बदलतात. नंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, शेजाऱ्यांना आधी सांगून आणि त्यांना उभं करून. मोजणीच्या खुणा पडल्या की लगेच तिथे चिरे पुरावेत, कारण चुन्याची खूण पहिल्या पावसात जाते. बागेत जायची वाट कुणाच्या जमिनीतून जाते, तेही याच वेळी पाहावं. वहिवाटीची वाट अडवली गेली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण वाट सलोख्याने मिळाली तरच बागेला शेजार मिळतो.

आता जमीन. ती पडीक असते, रिकामी नसते. माणूस गेल्यावर पंधरा-वीस वर्षांत तिने स्वतःच बरंच काही उगवलेलं असतं, आणि त्यातलं काय ठेवायचं हे ओळखायला एक पूर्ण वर्ष लागतं. मे महिन्यात गेलात तर फक्त कोरडा कातळ आणि धूळ दिसते. जुलैच्या धारेत त्याच जमिनीवर फिरावं: पाणी कुठून शिरतं, कुठे साठतं, कुठून माती घेऊन जातं, हे डोळ्यांनी दिसतं. ऑक्टोबरात ओल कुठे टिकून आहे ते बघावं, मार्चमध्ये हिरवं काय उरलं ते बघावं. मार्चमध्ये जिथे गवत हिरवं, तिथे खाली पाणी आहे किंवा माती खोल आहे. नारळ-सुपारी तिथे. जिथे हातभर खणल्यावर पारई खण्णकन वाजते तिथे काजू. हा नकाशा कुठल्याही कार्यालयात मिळत नाही.

साफसफाईला कोकणात बेणणी म्हणतात, आणि ती माणसाने कोयत्याने किंवा ग्रासकटरने करावी, असं माझं ठाम मत आहे. जेसीबीचं फावडं वरची चार-सहा इंचांची काळसर माती ढकलून देतं. जांभ्याच्या जमिनीत सुपीक म्हणावं असं तेवढंच असतं. खाली लाल, आम्ल, भुकेली माती. ती परत तयार व्हायला पाचोळ्याची कित्येक वर्षं लागतात. शिवाय यंत्राला करवंदाची जाळी आणि रानमोडी सारखीच. करवंद, चिल्हार हद्दीवर असतील तर ते आयतं कुंपण आहे, ते राखावं. रानमोडी मात्र पाऊस संपता संपता, माती मऊ असताना, मुळासकट उपटावी. डिसेंबर-जानेवारीत ती फुलते आणि तिचं बी वाऱ्याबरोबर सगळीकडे जातं. फुलायच्या आत काढलेली रानमोडी झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घातली तर तिचंच खत होतं.

बेणणीला जाताना गमबूट आणि हातात काठी हवी. कातळाच्या आणि पडक्या गडग्याच्या आसऱ्याने फुरसं राहतं, आणि कोकणात ते भरपूर आहे. चिरा उचलण्याआधी काठीने हलवावा, सरळ बोटं घालू नयेत. साप चावला तर मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, थेट ग्रामीण रुग्णालय. दोडामार्ग-सावंतवाडी भागात आणखी एक काळजी आहे. 2016 पासून तिथे माकडतापाचे रुग्ण सापडले. तो रानातल्या गोचिडींमुळे पसरतो. अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करावी, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं.

साफ झालेल्या जागेत जुनी कलमं मोकळी दिसू लागतात, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण पडीक जमिनीची खरी ठेव ही झाडं आहेत. आज लावलेलं हापूसचं कलम चांगलं धरायला दहा वर्षं घेईल. आजोबांचं कलम उभं आहे, त्याला फक्त हात हवा आहे. बहुतेक वेळा त्याची उंची पन्नास फुटांवर गेलेली असते, आतल्या फांद्या एकमेकींत अडकून आत अंधार झालेला असतो, आणि जो काही मोहर येतो तो शेंड्याला, जिथे झेला पोचत नाही. अनेक ठिकाणी अशी कलमं वर्षानुवर्षं कराराने दिलेली असतात; करारदाराने उत्पन्न घेतलं, खत मात्र घातलं नाही.

आधी बांडगूळ काढावं. लांबून ते आंब्याच्याच एखाद्या हिरव्यागार फांदीसारखं दिसतं. जवळ गेलं की पानं वेगळी, जाडसर, आणि नळीसारखी फुलं. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीला पुसतो. बी रुजतं आणि त्याची मुळासारखी बोटं सालीतून थेट लाकडात शिरतात. त्यामुळे नुसतं बांडगूळ ओरबाडून काही होत नाही, चार महिन्यांत ते पुन्हा फुटतं. ते जिथे चिकटलंय त्या गाठीच्या वीतभर खालून फांदीच कापावी लागते. जाड फांदीवर असेल तर गाठ तासून काढावी. हे काम त्याची फळं पिकण्याआधी करावं. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर तो खोडकिड्याचा. भोक शोधून तारेचा आकडा आत घालायचा आणि पांढरी, बोटभर जाडीची अळी बाहेर ओढायची. काजूवर अशाच अळीला रोठा म्हणतात, आणि रोठा लागलेलं काजूचं झाड वेळेत पाहिलं नाही तर उभ्या उभ्या वाळतं.

मग छाटणी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या आमरायांच्या पुनरुज्जीवनाचं तंत्र सांगितलेलं आहे. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मधल्या सरळ वाढलेल्या फांद्या काढून झाडाचं पोट उघडायचं, म्हणजे ऊन आत येतं, आणि उंची खाली आणायची. काप तिरका घ्यावा, पाणी साचू नये असा, आणि त्यावर लगेच बोर्डो पेस्ट लावावी: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. पुढे फुटवे झुपक्याने येतात. त्यातले बाहेरच्या दिशेने जाणारे तीन-चार ठेवून बाकीचे काढायचे. छाटलेलं झाड दोन-तीन वर्षं उत्पन्न देत नाही, म्हणून सगळी झाडं एकदम छाटू नयेत, दरवर्षी थोडी थोडी घ्यावीत. आंब्याला दरवर्षी मोहर यावा म्हणून व्यापारी बागांत संजीवक ओततात. घरच्या बागेला त्याची गरज नाही. झाडाला एक वर्षाआड विसावा मिळाला तर मिळू द्यावा.

रायवळ आंबा, फणस, कोकम, जांभूळ ही आपोआप वाढलेली झाडं ‘मध्ये येतात’ म्हणून तोडू नका. त्यांची सावली, पाचोळा आणि फळं या सगळ्याचा बागेला उपयोग आहे. कायद्यानेही आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा अशी काही झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. 1964 पासून तसा अधिनियम आहे.

पाण्याचं गणित कोकणात फसवं असतं. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर, 1089 चौरस फुटांवर, सुमारे 3 लाख लिटर पाणी. आणि तरीही एप्रिलमध्ये त्याच गुंठ्यावरचं कलम तांब्याभर पाण्यासाठी मरतं. कारण जांभा सच्छिद्र आहे, जमीन उताराची आहे आणि जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत येऊन समुद्राला मिळतो. म्हणून पहिल्या वर्षी पैसे खर्च करायचेच असतील तर ते पाण्यावर करावेत. उताराला आडवे समतल चर काढले, ढासळलेले बांध पुन्हा रचले, तर माती आणि ओल दोन्ही थांबतात. शेजारून पऱ्या किंवा व्हाळ जात असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धार बारीक झाली की, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालावा. वाडीतली माणसं एकत्र आली तर एका दिवसाचं काम आहे, आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्याने लांबतं.

जुनी विहीर मे महिन्यात उपसून गाळ काढावा. कुजलेल्या पाचोळ्याच्या विहिरीत प्राणवायू कमी असतो आणि अशा विहिरीत उतरून माणसं दगावली आहेत. एकट्याने, घाईने उतरू नये. हे काम नेहमी करणाऱ्यांनाच बोलवावं. विहीर नसेल तर जलकुंडाने भागतं. हिशेब साधा आहे. 25 कलमांना आठवड्याला 15 लिटर प्रत्येकी धरले तर 375 लिटर, आणि फेब्रुवारी ते मे या सतरा आठवड्यांत साधारण साडेसहा हजार लिटर. 4 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 1 मीटर खोल खड्डा, तळाला गवत, वर प्लॅस्टिकचा जाड कागद, यात 8000 लिटर मावतं. वर झावळ्या अंथरल्या तर वाफेने फार जात नाही. हाच हिशेब उलटा लावावा: जितकं पाणी मे महिन्यात हातात असेल तितकीच कलमं जूनमध्ये लावावीत.

वणव्याचं काम नोव्हेंबर-डिसेंबरातच उरकावं. हद्दीच्या आतून दहा-पंधरा फूट पट्टा गवत कापून, झाडून साफ ठेवायचा. दहा वर्षांची बाग एका दुपारी जाते, आणि आग बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीतून आलेली असते.

आता लागवड, दुसऱ्या वर्षाची. दहा गुंठे पुरे. हापूसचं अंतर पारंपरिक हिशेबाने 10 बाय 10 मीटर, काजूचं 7 बाय 7, नारळाचं साडेसात बाय साडेसात. म्हणजे दहा गुंठ्यांत आंबाच लावला तर दहा कलमं, काजूच लावला तर वीस. पण घरच्या बागेत एकच झाड कशाला? आंबा लावताना सगळे हापूस नकोत. हापूसला फळधारणेसाठी दुसऱ्या जातीचे परागकण लागतात, म्हणून केसर किंवा रत्ना अशी एक-दोन कलमं मध्ये हवीत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला रत्ना 1981 मध्ये आला. त्याच्यात साका, म्हणजे हापूसच्या गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा दोष, होत नाही, ही घरी खाणाऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट. काजूत वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जाती आता सर्वत्र चालतात.

कोकमाची गोष्ट वेगळी आहे आणि ती माहीत नसल्यामुळे अनेकांची वर्षं फुकट जातात. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मे नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणून मादी झाडाचं कलम घ्यावं. कोकण अमृता ही विद्यापीठाची जात आहे. दहा-बारा मादी कलमांमागे एखादा नर पुरतो, आणि तो बहुधा शेजारच्या रानात असतोच. जायफळाचंही असंच. ओल असेल तिथे नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी आणि खोडावर मिरीचा वेल, ही कोकणात ‘लाखी बाग’ म्हणून ओळखली जाणारी रचना घरापुरत्या जागेलाही शोभते.

खड्डा एप्रिलमध्ये काढावा, मीटरभर लांब-रुंद-खोल, आणि ऊन खाऊ द्यावा. मग तळाला पाचोळा, वर चांगली माती, चार-पाच घमेली शेणखत. भरताना जमिनीपेक्षा थोडा उंच भरावा, कारण पावसात माती बसते आणि खळगा राहिला तर कलम पाण्यात कुजतं. कलम मान्यताप्राप्त रोपवाटिकेतून घ्यावं. लावताना जोड जमिनीच्या वर ठेवावा, आणि जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी काढायला विसरू नये. ती राहिली तर खोड जाड होताना आवळली जाऊन कलम वाऱ्याने मोडतं. जोडाच्या खालून येणारी फूट दिसेल तेव्हा काढावी. ती वाढू दिली तर हापूस मरतो आणि रायवळ वाढतो, आणि मालकाला पाच वर्षांनी कळतं. पहिली तीन वर्षं मोहर आला तर खुडून टाकावा.

झाडं मोठी होईपर्यंत घराला हुरूप हवा, तो भाजीने मिळतो. परड्यात जूनला पडवळ, दोडका, काकडी मांडवावर चढवावी. पाऊस गेल्यावर ओलीवर कुळीथ आणि पावटा, विहिरीच्या सांडपाण्यावर अळू, लाल माठ. बांधावर गिरिपुष्पाच्या काठ्या पावसाच्या सुरुवातीला खोचल्या तर दोन वर्षांत हिरव्या खताची सोय होते. माकडं आणि रानडुकरं भाजी ठेवत नाहीत, ही कोकणातल्या प्रत्येक शेतकऱ्याची आजची सगळ्यात मोठी अडचण आहे आणि तिच्यावर रामबाण उपाय कुणाकडेही नाही. घराजवळ, माणसाच्या वावरात असेल तेवढंच वाचतं. हळद, मिरी, दालचिनी यांना माकडं सहसा हात लावत नाहीत, म्हणून लांबच्या तुकड्यात तीच लावावीत. कोंबड्या पाळायच्या तर पाच-दहा गावठी, रात्री पक्क्या खुराड्यात, आणि मानमोडीची लस वेळेवर. सातेरी मधमाशांची एखादी पेटी बागेला लाभते. गाय किंवा शेळी मात्र गावात कायम राहणारं माणूस असेल तरच.

शेवटी गोष्ट माणसावरच येते. शनिवार-रविवारी मुंबईहून येऊन बाग होत नाही. मे महिन्यात आठवडाभर पाणी चुकलं की चूक भरून येत नाही. गावातला एखादा शेजारी, चुलतभाऊ, वाडीतलं एखादं जोडपं हे काम अंगावर घेणार असेल तरच कलमं लावावीत, आणि त्यांची मजुरी ठरवून, वेळेवर, गावच्या दराने द्यावी. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून कामाचं मोल न देणं हा चाकरमान्यांचा जुना दोष आहे, आणि बागा त्यानेच जास्त बुडाल्या आहेत. फळातला वाटा दिला तर उत्तम.

पैशाचं म्हणाल तर पहिली पाच वर्षं ही बाग खाणार, देणार नाही. काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी थोडा देतो, नारळ पाचव्या-सहाव्या, आंबा त्यानंतर. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना 2018-19 पासून आहे. कोकणात किमान 10 गुंठ्यांपासून तिचा लाभ मिळतो आणि अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं येतं, तेही झाडं जगली तर. खातं सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमती लागते. पहिल्या वर्षाची कागदपत्रं इथेही उपयोगी पडतात. लागवड झाली की ई-पीक पाहणीत नोंद करावी, म्हणजे सातबाऱ्यावरचं ‘पड’ जाईल.

तेव्हा येत्या गणपतीला गावी जाल तेव्हा एवढं करा: सातबारा सोबत न्या, भावकीतल्या सगळ्यांना एकत्र बसवून तो वाचा, भर पावसात जमिनीवर एक फेरी मारून पाणी कुठून वाहतं ते बघा, आणि निघण्याआधी गावातल्या एका माणसाशी ऑक्टोबरच्या बेणणीची मजुरी ठरवून या. कलमं पुढच्या वर्षी.